नमुना क्रमांक सहा

प्लास्टिकच्या पिशवीत आला तो,
देवळालीहून, सही-शिक्क्यासकट:
अंगठ्याएवढा एक बुश,
एका अंगानं झिजलेला,
जुन्या चपलेच्या टाचेसारखा.
सोबत चिठ्ठी: ड्रॉइंग उपलब्ध नाही.
बनवणारा कारखाना बंद.
आणि तो देशसुद्धा, हवालदार चव्हाणके म्हणाले,
आता त्या नावाचा राहिला नाही.

आठ महिने एक तोफ
शेडमध्ये ताडपत्री पांघरून बसलीय
एवढ्याशा तुकड्यासाठी.

अंबडच्या आमच्या गाळ्यात तोवर
द्राक्षबागेच्या ब्लोअरचे नोझल निघायचे,
हंगाम सरला की पंपाचे वॉशर,
एकदा एका मंगल कार्यालयाच्या झुंबराचे हूक.
पुरवठादारांच्या यादीत नाव लागावं म्हणून
अठरा महिने कागद वाहिले मी.
खिडकीतल्या बाईंनी विचारलं, अनुभव?
म्हटलं, डावणीशी लढलोय.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

निवृत्ती खैरनार, बेचाळीस वर्षं लेथवर,
बुश दोन बोटांत फिरवून म्हणाले,
"साठ शतांश खाल्लंय. वंगण वेळेवर नव्हतं."
हर्षदा गांगुर्डेनं तोच स्कॅनरखाली ठेवला:
एकसष्ट.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग ती भुकटीची रात्र.
मशीनच्या काचेआड पिठाहून बारीक पोलाद,
त्यावर लेसरचा ठिपका पळतोय.
रांगोळी म्हणावी तर उलटी,
आधी भुकटी सगळीकडे, मग रेघ.
थर, थरावर थर, हजाराच्या वर.
मामा स्टूल ओढून बसले.
"कापायचं काहीच नाही?"
"नाही मामा."
"मग कीस कुठं पडतो?"
जन्मभर चपलेतून कीस घरी नेलेला माणूस,
मान वाकडी करून
मशीनच्या खाली बघत राहिला.

पहिला वाकडा निघाला.
दुसरा, तिसरा एक्स-रेत सच्छिद्र,
आंबोळीसारखे.
चौथा बरा चालला होता, लाईट गेली.
पाचवा आमच्या मते उत्तम;
परत आला, लाल पेनानं एकच शब्द:
अस्विकृत.
वेलांटी चुकलेली होती. दाखवणार कुणाला.

यातलं काहीच मी आईला सांगितलं नव्हतं.
आमचं गाव रेंजच्या कडेला.
तोफा सुटल्या की फडताळातली भांडी वाजायची,
लाल झेंडा उतरला की वडील पोतं घेऊन निघायचे.
गोळ्यांचे तुकडे, अजून कोमट.
भंगारवाला किलोवर घ्यायचा,
माझी दहावीची फी त्या पोत्यातली.
एकदा शेजारचे कारभारी लहांगे
गेले ते आलेच नाहीत.
त्या रात्री आईनं पोतं चुलीत घातलं.

आमच्या घरी लोखंड यायचं ते फुटून.

सहाव्याचं आतलं भोक
मामांनी स्वतः रिमर फिरवून साफ केलं.
हर्षदा म्हणाली, प्रोग्रॅममध्ये आहे ते.
"असू दे," म्हणाले.
चिमूटभर कीस पडला,
तो त्यांनी फुंकला नाही.

पास झाल्याचा फोन आला तेव्हा
मी टेम्पोत नोझलच्या पेट्या चढवत होतो.
चाळीस नग, दोन महिन्यांत.
मूळचा झिजका तुकडा परत करायचा,
तशी अट आहे.
पिशवीत घालताना पाहिलं,
ग्रीसमध्ये कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा,
आमच्यापैकी कुणाचाच नाही.

काल सकाळी तिकडून आवाज आला.
आई कपबशी धरून थांबली,
नेहमीसारखी, मोजत.
मीही मोजले. अकरा.
त्यातला आमचा कुठला
ते ऐकून कळत नाही.
तिनं चहा संपवला आणि विचारलं,
"झेंडा उतरला का रे?"